फौजी आप्पांचा दुसरा पंचनामा: 2014 च्या गारपिटीतलं एक प्रकरण

या प्रकरणातली नोटीस मीच तयार केली होती. मार्च 2014 ची गोष्ट. लातूर जिल्ह्यातल्या एका तहसील कार्यालयात नैसर्गिक आपत्तीचं टेबल माझ्याकडे होतं. बाकी सगळ्या सज्जांच्या, म्हणजे एकेका तलाठ्याकडं असलेल्या गावांच्या, गारपिटीच्या याद्या आल्या, एका तलाठ्याची मुदत उलटली तरी आली नाही. मी 'कारणे दाखवा'चा मसुदा लिहिला, साहेबांनी सही केली, नोटीस गेली. त्या माणसाला आधी एक फोन करून विचारावं, एवढंही मला सुचलं नाही. आता निवृत्त होऊन काही वर्षं झालीत. नव्याने भरती झालेल्या तलाठ्यांपुढं बोलायला मला अधूनमधून बोलावतात आणि दर वेळी हेच प्रकरण तोंडी येतं. ज्यांना ती नोटीस गेली त्यांना विचारूनच लिहितोय, पण नाव-गाव देत नाही. गावात त्यांना 'फौजी आप्पा' म्हणायचे, तेच इथं ठेवतो.

फौजेपासून चावडीपर्यंत

आप्पांचा जन्म 1970 चा. घरची तीन एकर कोरडवाहू, त्यात तीन भाऊ. बारावी झाल्यावर 1988 मध्ये भरतीला गेले आणि तोफखान्यात लागले. नाशिक रोड कॅम्पला प्रशिक्षण झालं. आपल्याकडं पोरगं फौजेत गेलं की लोक रेजिमेंट विचारतात, 'मराठा का महार?' तोफखाना म्हटलं की पुढं काय विचारावं हे कुणाला कळत नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते उत्तरेत कुठंतरी होते. रजा मिळून गावी पोचेपर्यंत दहा-बारा दिवस गेले. त्यांचं आजोळ त्या पट्ट्यातलं. मामाच्या वाड्याच्या जागी दगडमातीचा ढीग होता आणि पलीकडं पत्र्याच्या शेडबाहेर लोक यादीत नाव आहे का ते बघायला उभे होते. पुढं 52 गावांचं पूर्ण पुनर्वसन झालं, इतर गावांची वर्गवारी झाली, कुणाला घर मिळालं, कुणाला दुरुस्तीचे पैसे. आमच्या भागातल्या माणसाला सरकारी यादी म्हणजे काय हे तेव्हापासून फार नीट कळतं. नाव वर लागलं तर घर, खाली राहिलं तर ताडपत्री. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण 2014 मध्ये चावडीपुढं जमलेली माणसं रागीट का होती ते त्याशिवाय समजणार नाही.

1999 च्या कारगिल युद्धात आप्पा द्रासला होते. बोफोर्सच्या तोफेवर. 155 मिलिमीटरचा एक गोळा साधारण 43 किलोचा, म्हणजे ज्वारीच्या अर्ध्या पोत्याएवढा. रात्ररात्र ते गोळे उचलायचे, भरायचे. 13 जूनला तोलोलिंग घेतलं, 4 जुलैला टायगर हिल. ही नावं ते स्वतःहून कधी घेत नाहीत. 26 जुलैला, कारगिल विजय दिवसाला, शाळेत झेंड्याला बोलावलं तर जातात, दोन मिनिटं बोलतात आणि त्यात शिपायांपेक्षा खेचरांचं कौतुक जास्त असतं. त्या उन्हाळ्याची एकच खूण त्यांच्यावर दिसते. डावा कान जवळजवळ गेलाय. बोलणारा डाव्या बाजूला बसला असेल तर ते खुर्ची फिरवून घेतात.

2005 मध्ये हवालदार म्हणून पेन्शनवर आले तेव्हा वय 35. हे वय फौजी माणसाचं सगळ्यांत अवघड. पोरं शाळेत, अंगात ताकद, आणि समोर पर्याय म्हणजे बँकेच्या दारातली बंदूक नाहीतर पुण्याच्या एखाद्या कंपनीचं गेट. आप्पांनी नोकरीत असतानाच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए करून ठेवलं होतं, ते कामाला आलं. राज्य सरकारच्या गट-क आणि गट-ड च्या भरतीत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे, वयातही सवलत मिळते. दोन वर्षं अभ्यास केला, पोराच्या वयाच्या मुलांबरोबर परीक्षा दिली आणि 2007 ला तलाठी झाले. गावात लगेच सुरू झालं, 'दोन-दोन पगार खातोय.' पेन्शन सतरा वर्षांच्या नोकरीची, हे सांगून उपयोग नसतो.

माजी सैनिक सरकारी नोकरीत आला की सगळे त्याच्या शिस्तीचं कौतुक करतात. मला ते अपुरं वाटतं. वेळेवर येणारे, इस्त्रीचे कपडे घालणारे, फाईल नेटकी ठेवणारे तलाठी मी पुष्कळ पाहिले आणि त्यातल्या काहींनी चावडीत बसून अख्ख्या गावाचा पीकपेरा, म्हणजे कुणाच्या शेतात काय पेरलंय ते, लिहिलेलाही पाहिला. आप्पांकडं वेगळं काय होतं ते मला या प्रकरणात कळलं, आणि तेही उशिरा.

गारा

त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीला जी गारपीट सुरू झाली ती मार्चचा निम्मा महिना चालली. मराठवाडा, विदर्भ, उत्तर महाराष्ट्र, सगळीकडं. आमच्या तालुक्यात शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, काढणीला आलेला, हरभरा काही उभा काही काढून ढिगाला, गहू पिवळा पडलेला, करडई वाळलेली. थोड्याफार द्राक्षबागा. आप्पांच्या सज्जात तीन गावं. पहिल्या आठवड्यातल्या एका दुपारी वीसेक मिनिटं गारा झाल्या. संध्याकाळी पिंपळाखाली मेलेली पाखरं पोरांनी टोपलीत गोळा केली.

त्यातच 5 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. आमच्याकडं मतदान 17 एप्रिलला. महसूलची सगळी माणसं मतदार याद्या, केंद्रांची पाहणी आणि प्रशिक्षणात अडकलेली. वरून पंचनाम्याचा आदेश आला. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक, तिघांनी मिळून पाहणी करायची. आठ दिवसांत यादी. पुढं मदत जाहीर झाली ती जिरायतीला हेक्टरी 10 हजार, बागायतीला 15 हजार, फळबागेला 25 हजार. पण तेव्हाच्या निकषाप्रमाणं नुकसान 50 टक्के किंवा जास्त असेल तरच. 50 म्हणजे पात्र, 45 म्हणजे काहीच नाही.

आठ दिवसांत तीन गावांचे सगळे गट नंबर पायी फिरून होत नाहीत. ही गोष्ट वरच्यांना माहीत असते आणि खालच्यांनाही. म्हणून एक सोय होऊन बसली आहे. चावडीत बसायचं, सातबारे पुढं घ्यायचे, सरपंचाच्या माणसानं सांगायचं, 'ह्याचं साठ लिव्हा, त्याचं पासष्ट', खाली पंचांच्या सह्या. टेबलावरचा पंचनामा. यात नेहमी पैसे खाल्लेले असतात असं नाही. बऱ्याचदा दयाच असते. सगळ्यांचंच नुकसान झालंय, मिळू द्या की.

आप्पांनी दयेनं लिहायला नकार दिला. कोतवालाला, म्हणजे तलाठ्याच्या गावातल्या मदतनिसाला, घेऊन पहिल्या दिवशी सकाळी सातला गावाच्या उत्तरेच्या शिवेवरून सुरुवात केली. हातात चार काठ्या आणि सुतळी. शेतात तीन ठिकाणी, एक बांधाजवळ, एक मधोमध, एक पलीकडं, मीटरभराचा चौकोन आखायचा. त्यातली ताटं मोजायची. किती मोडली, किती कणसं झडली, हरभऱ्याचे किती घाटे खाली पडले. कागदावर तीन आकडे आणि त्यांची सरासरी. शेतकरी शेजारी उभा पाहिजे, त्यानं स्वतः मोजायचं, आप्पांनी लिहायचं. कृषी सहायक तरुण होता, त्याच्याकडं चार सज्जे. तो पहिल्या दिवशी वैतागला आणि तिसऱ्या दिवसापासून आप्पांच्या आधी बांधावर हजर राहू लागला. तो मला नंतर म्हणाला, 'सर, नजरेनं मी साठ म्हणायचो तिथं मोजल्यावर कधी चाळीस निघायचं, कधी ऐंशी.'

आठव्या दिवशी एक गाव पूर्ण, दुसरं अर्धं. शेजारच्या सज्जाची यादी चौथ्याच दिवशी तहसीलला पोचली होती आणि ती बातमी गावोगाव फिरली होती.

चावडीपुढं

त्या संध्याकाळी दोनेकशे लोक चावडीपुढं जमले. मी तिथं नव्हतो. कोतवाल, कृषी सहायक आणि नंतर आप्पा, तिघांकडून ऐकलंय, आणि तिघांचं जुळतं. एक म्हातारा पुढं आला.

'आप्पा, शेजारच्या शिवारात गारा पडल्या अन् आमच्यात काय साखरफुटाणे पडले व्हय? त्यांची यादी गेली, आमची का न्हाई?'

म्हातारा डाव्या बाजूनं बोलत होता. आप्पा दफ्तरात बघत राहिले. त्याला वाटलं मुद्दाम दुर्लक्ष करतोय. त्यानं दफ्तरावर काठी आपटली. आप्पा उठले, स्टूल उचलून त्याच्या डाव्या हाताला नेऊन ठेवलं आणि उजवा कान पुढं करून म्हणाले, 'मामा, डाव्या कानानं ऐकू येत न्हाई. आता परत सांगा.' म्हाताऱ्यानं परत सांगितलं, पण आता आवाज निम्मा झाला होता.

मग आप्पांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत देतो. तोफ मागं असते, दरीत. द्रासला काही तोफा समोरच्या शिखरावर थेट नेम धरूनही चालवल्या, पण एरवी तोफेवरच्या माणसाला निशाण दिसतच नाही. पुढं टेकडीवर एक माणूस दुर्बीण घेऊन बसलेला असतो. गोळा कुठं पडला ते तो बघतो आणि वायरलेसवर सांगतो, डावीकडं 200, पुढं 400. त्याच्या बोलण्यावर मागं तोफ फिरते. त्यानं न बघता आकडा सांगितला तर गोळा वाया जातो, नाहीतर आपल्याच पोरांवर पडतो. मुंबईतनं पैसे येतील ती तोफ, तिला तुमचं शेत दिसत न्हाई. दुर्बीण माझ्याकडं आहे. मी सगळ्यांचं साठ लिहिलं तर ज्याचं सगळं गेलंय त्याचं अन् ज्याचं थोडं गेलंय त्याचं एकच दिसणार.

लोकांना पटलं असं मी म्हणणार नाही. काही निघून गेले. एका पुढाऱ्यानं 'बदली करून दाखवतो' म्हटलं. पण मला हे बोलणं फार महत्त्वाचं वाटतं. तीस-बत्तीस वर्षं मी याद्या एकत्र केल्या, बेरजा केल्या, वर पाठवल्या. त्या आकड्यांमागं कुणी शेतात उभं होतं का, हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. बेरीज जुळली की माझं काम झालं.

दुसरी फेरी

सुतळीच्या चौकोनानं एक अडचण उभी केली. पहिल्या फेरीत मोजलेल्या बऱ्याच शेतांत नुकसान 35 ते 49 च्या दरम्यान आलं. नियमानं ती सगळी खाती बाहेर. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोजलेल्या शेतावरून परत येताना आप्पांना दिसलं की उभं राहिलेलं पीकही मरतंय. गारांनी खरचटलेले घाटे आता गळत होते. भिजलेल्या शाळूच्या कणसांवर काळं चढत होतं. ती ज्वारी बाजारात कुणी घेणार नाही आणि कडबाही काळा पडणार. आडव्या झालेल्या गव्हात दाणा बारीक राहत होता. पहिल्या दिवशीचं 42 खरं होतं, आठव्या दिवशी ते खरं राहिलं नव्हतं.

यादी अजून दिलेली नव्हती. आप्पांनी ठरवलं, 50 च्या आतल्या सगळ्या शेतांवर पुन्हा जायचं. त्याच जागी, त्याच चौकोनात. पहिल्या फेरीला खुणेच्या काटक्या रोवून ठेवल्या होत्या. आमची नोटीस त्यांना याच फेरीत, एका हरभऱ्याच्या रानात मिळाली. त्यांनी पाठवलेला खुलासा माझ्याकडं आला, तो मला जवळजवळ पाठ आहे:

'नोटीस मिळाली. पहिली पाहणी केली आहे. ज्वारी व हरभऱ्याचे नुकसान अद्याप वाढत आहे. आज यादी दिल्यास ती चुकीची ठरेल. सहा दिवस मिळावेत. विलंबास मी स्वतः जबाबदार आहे, ग्रामसेवक व कृषी सहायक यांचा दोष नाही.'

आम्ही खुलाशाची वाट बघत असतो ती त्यात तब्येतीचं नाहीतर निवडणूक कामाचं कारण सापडेल म्हणून. यात कारणच नव्हतं, काम होतं. साहेबांनी वाचून कागद खाली ठेवला आणि म्हणाले, 'द्या सहा दिवस.' पुढं समज देऊन नोटीस निकाली निघाली.

दुसऱ्या फेरीत 50 च्या आतली साधारण निम्मी खाती वर गेली. मोजून गेली, कागदावर दोन्ही तारखांचे आकडे आणि शेतकऱ्याची सही. जी आतच राहिली त्यांची आप्पांनी वेगळी यादी केली आणि मुख्य यादीला जोडून पाठवली. वर शेरा एवढाच, 'नुकसान झाले आहे, निकषात बसत नाही.' अशी यादी कुणी मागितलेली नव्हती. तिला कुठला नमुना नव्हता. मी ती 'अपात्र' लिहून फाईलच्या तळाशी लावली. साठेक नावं होती. निकष चुकतोय हे वर कळवण्याचा एकच मार्ग त्या माणसाकडं होता, तो त्यानं वापरला आणि माझ्या टेबलावर तो बंद झाला. वर एक टिपणी जोडून ती जिल्ह्याला पाठवणं मला सहज शक्य होतं.

एप्रिल 2015 मध्ये केंद्र सरकारनं तो निकष 50 वरून 33 टक्क्यांवर आणला. आप्पांच्या यादीचा त्यात काही हात नव्हता, आणि मागच्या वर्षीच्या त्या साठ जणांना त्यातून एक रुपयाही मिळाला नाही.

जिथं आप्पा चुकले

नव्या तलाठ्यांना मी ही बाजूही सांगतो.

दुसऱ्या गावात एक बाई दोन एकर हरभरा बटईनं करत होती. नवरा वारलेला, शेतमालक पुण्यात. बियाणं, खत, राबणं तिचं. पीक आलं तर निम्मं मालकाचं. गारांत सत्तर टक्क्यांवर गेलं. चौकोनातले घाटे तिनंच मोजले, आप्पांनी आकडा लिहिला आणि नावाच्या रकान्यात सातबाऱ्यावरचं नाव घातलं. मदत खातेदाराला मिळते, बटईदाराची नोंद नाही, नियम स्पष्ट आहे. बाईनं विचारलं, 'वर्षभर राबले मी, अन् कागदावर मी न्हाईच?'

आप्पा म्हणाले, 'नियमात न्हाई, ताई.' आणि पुढच्या गटात गेले.

पैसे पुण्याला गेले. मालकानं त्यातले तिला दिले नाहीत. ज्या माणसानं एका नियमाखाली दडलेलं नुकसान शोधायला दोन फेऱ्या मारल्या, तो दुसऱ्या नियमापुढं एका वाक्यात थांबला. मालकाला फोन लावणं, पंचांसमोर त्याचं संमतिपत्र घेणं, निदान शेऱ्याच्या रकान्यात 'प्रत्यक्ष कसणार अमुक' असं लिहिणं, एवढं करता आलं असतं. मी हे त्यांना तोंडावर बोललो. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, 'फौजेत हुकूम कुठला मोडायचा ते शिकवत न्हाईत. 50 च्या आकड्यात मला चूक दिसली, म्हणून थांबलो. बटईत चूक दिसलीच न्हाई, आमच्या घरी पण बटईनंच चालायचं.'

हे उत्तर मला फार प्रामाणिक वाटतं. पुढच्या हंगामापासून ते पीकपाहणीला गेले की बटईनं कसणाऱ्याचं नाव आपल्या वहीत वेगळं लिहू लागले. त्या वहीला कायदेशीर किंमत नाही. पण 2015 च्या दुष्काळात दोन मालकांना चावडीवर बोलावून तीच वही पुढं ठेवली आणि मदतीतला वाटा द्यायला लावला. त्या बाईला मात्र उशीर झाला होता, ती लेकीकडं उदगीरला निघून गेली.

नंतर

आप्पांच्या सज्जातल्या लोकांना पैसे शेजारच्यांपेक्षा आठवड्याभरानं उशिरा मिळाले. गावाला आजही ते लक्षात आहे. त्यांच्या यादीविरुद्ध एकही तक्रार आली नाही. शेजारच्या सज्जाच्या यादीवर सहा आल्या. पीकच न पेरलेल्यांची नावं निघाली, एका पात्र माणसाचं राहून गेलं. त्यातल्या दोन मी निवृत्त झालो तेव्हाही प्रलंबित होत्या.

ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी आली. शेतकरी मोबाइलवर स्वतःच्या पिकाचा फोटो टाकतो. आप्पांना ते आवडतं. मंडळ अधिकारी झाल्यावर त्यांनी हाताखालच्या तलाठ्यांना एकच जास्तीचं काम लावलं, नुकसानीच्या वेळी फोटो दोनदा काढायचा, मध्ये आठवडा जाऊ द्यायचा.

2025 च्या सप्टेंबरमध्ये मांजरा, तेरणा फुगल्या, धाराशिव, लातूर, बीडमध्ये सोयाबीन पाण्यात गेलं. मी काळजीनं आप्पांना फोन केला. ते गुडघाभर चिखलात एका वाहून गेलेल्या बांधावर उभे होते. मागं माणसांचा गलका. मी काही विचारलं ते त्यांना ऐकू गेलं नसावं. फोन दुसऱ्या कानाला लावल्याचा आवाज आला.

'साहेब, आज निस्तं पाणी दिसतंय, शेंगा दिसंनात. पाणी उतरल्यावर परत येतो म्हणून सांगितलंय लोकांना. यादी उशिरा येईल, तुमच्या टेबलावर आता कोण बसतंय त्याला तेवढं सांगून ठेवा.'

मी त्याच दिवशी तहसीलला गेलो.